दंडातली सुपारी

१ जानेवारी, गुरुवार. सकाळी ५.१०
नवी डायरी. मेडिकलवाल्याने फुकट दिली. प्रत्येक पानाखाली कुठल्या ना कुठल्या गोळीची जाहिरात. एकवीस वर्षांत मी गोळी गिळलेली नाही. म्हणून जाहिरातींवर चिकटपट्टी लावायला घेतली. जानेवारी झाकून झाला, पट्टी संपली.
या वर्षीचे संकल्प. एक, हिरव्या रसावरचे माझे पुस्तक पूर्ण करणे. दोन, आमच्या आरोग्य मंडळाचे सभासद अकरावरून एकवीस करणे. तीन, डॉक्टरचे तोंड न पाहणे.
तिसरा सगळ्यात सोपा. आधी तोच लिहायला हवा होता.

६ जानेवारी
पुस्तकासाठी रसाची कृती एकदा नीट लिहून ठेवतो.
सकाळी उजाडताच केरूच्या मळ्यावर जाणे. पालक, मेथी, कोथिंबीर, ताजी, डोळ्यांदेखत उपटलेली. मळा कॉलनीमागच्या नाल्याला लागून आहे, त्यामुळे बारा महिने हिरवागार. पाला धुवायचा नाही. हा माझा स्वतःचा शोध. धुतले की पानावरचे सगळे तत्त्व मोरीत जाते. लोक तत्त्व मोरीला पाजतात आणि चोथा स्वतः खातात. पाला नुसता फडक्याने झटकायचा, मिक्सरला फिरवायचा, किटलीत भरायचा. घरी एक पेला हिला, एक वेदिकाला (नात, वय दहा. माझी सर्वांत हुशार शिष्या. पेल्यात थेंब ठेवत नाही). मग साडेसहाला बागेत मंडळाला वाटप. हे सारे गेली दोन वर्षे, एकही खाडा नाही.
केरू आज पुन्हा म्हणाला, काका, आम्ही नाय खात कच्चं. घरी न्या, धुवा, अन् चांगलं शिजवून खा. स्वतःच्या मालावर इतका कमी विश्वास असलेला माणूस मी पाहिला नाही.

११ जानेवारी, रविवार
वेदिका माझ्या उजव्या दंडाला लोंबकळत होती. एकदम थांबली. म्हणाली, आजोबा, तुमच्या दंडात सुपारी आहे.
चाचपून पाहिले. आहे. गोल, घट्ट, आतल्या बाजूला. दुखत नाही. (दाबल्यावर थोडी.)
निदान: कमावलेला स्नायू. तीन लिटरची किटली रोज उजव्या हाताने नेतो, त्याचे फळ.
मी नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये चौतीस वर्षे चेकिंगला होतो. कागदांच्या गठ्ठ्यात एक रेघ पुसट असली तरी बोट आपोआप तिथे थांबायचे. इतक्या वर्षांत या नजरेला यंत्राची मदत लागली नाही. आता स्वतःच्या दंडाला लागणार?

१२ जानेवारी
हिने विचारले, स्नायू असा एकाच जागी, सुपारीएवढा, कसा कमावला जातो? मी सांगितले, किटलीची कडी तिथेच ओढते. ती गप्प बसली. पटले असावे.
आजपासून किटली डाव्या हातात. डावीकडेही सुपारी आली की सिद्ध झाले.

१९ जानेवारी
डावीकडे आली नाही. उजवीकडची आहे तिथे आहे. शर्ट घालताना ओढ लागते.
सुधारित निदान: वायू. तो असाच कुठेतरी अडकून बसतो. उपचार: एरंडाचे पान तेल लावून गरम करून दिवसातून तीनदा बांधणे.
आण्णाची गाठही (माझा थोरला भाऊ, त्याला जाऊन बारा वर्षे झाली) अशीच दुखत नव्हती. पण त्याची मानेत होती. माझी दंडात आहे. पुष्कळ फरक आहे.
तो शब्द या डायरीत लिहायचा नाही.

२१ जानेवारी
संजनाने पान बांधलेले पाहिले. संजना म्हणजे सून. एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, त्यामुळे तिला सगळे जग बाटलीत भरून तपासावेसे वाटते. म्हणाली, दादा, सोनोग्राफी करून घेऊ, दहा मिनिटांचे काम. मी तिला शांतपणे समजावले की यंत्राला गाठ दिसते, गाठीचा स्वभाव दिसत नाही. ती म्हणाली, मला गाठच बघायची आहे, स्वभाव मी रोज बघते.
बोलायला फटकळ आहे. मनाने चांगली आहे.

२६ जानेवारी, सोमवार
झेंडावंदनानंतर बागेत रस. अकराच्या अकरा हजर. पुंजारामने (इगतपुरीचा, रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर) दोन पेले मागून घेतले. तो पेला घेऊन नेहमी बाकामागे जातो. म्हणतो, काका, हा रस चारचौघांत प्यायचा नाही, एकांतात प्यायचा. गोजराबाईही (अंगणवाडीच्या ताई) त्याच्या मागोमाग जातात, मग एकेक करून बाकीचे. केवढी ही श्रद्धा.
बाकामागची जास्वंद माझ्या डोक्याच्या वर गेली आहे. बाकी बागेतली जास्वंद गुडघ्याएवढी. बारा निरोगी माणसे रोज एका जागी श्वास घेतात, त्याचा हा परिणाम. पुस्तकात यावर एक प्रकरण घालावे.
मंडळ साडेसातला संपते. मी घरी येतो. बाकीचे थोडे रेंगाळतात. तब्येतीवर चर्चा करत असतील.

२ फेब्रुवारी
एरंड थांबवले. खाज सुटली. विटेचा शेक सुरू.

३ फेब्रुवारी
विटेने फोड आला. फोड बाहेर, गाठ आत, म्हणजे उष्णता बरोबर दिशेने चालली आहे, फक्त अजून पोहोचलेली नाही. हिने फोडावर साय लावली आणि वीट उचलून मागच्या अंगणात फेकली. ती नेमकी तुळशीजवळ पडली. त्याबद्दलही मलाच बोलली.

७ फेब्रुवारी
आज सकाळी चहा घेताना एकदम उलगडा झाला. १९७४ साली प्रेसमध्ये कामाला लागताना मला इंजेक्शन दिले होते. नेमके उजव्या दंडात! ते औषध जिरलेच नाही. गेली पन्नास वर्षे आत साठून त्याचा खडा झाला. म्हणजे हा आजार माझा नाहीच, इंजेक्शनचा आहे. केवढे हलके वाटले.
मंडळात सांगितले. पुंजाराम म्हणाला, मग काका, तेव्हाच्या इंजेक्शनवाल्याला शोधू या का? मी म्हटले, तो आता कुठे असेल. तो म्हणाला, इंजेक्शन घेऊन तुम्ही एवढे टिकलात, देऊन तोही टिकला असेल.
चेष्टा असावी. लक्ष दिले नाही.
गाठ रात्रीपासून ठणकते आहे. किटली आता दोन्ही हातांनी.

१० फेब्रुवारी, मंगळवार
आज शाळाशाळांत आणि अंगणवाड्यांत जंताची गोळी वाटप. मी गोजराबाईंना बागेतच गाठले. म्हटले, बाई, एवढाल्या लेकरांच्या पोटात केमिकल कशाला? त्यापेक्षा प्रत्येकाला अर्धा पेला रस देऊ, मी किटली घेऊन येतो. त्या एकदम उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, नको काका, देवाची शपथ नको. सरकारी काम आहे, माझी नोकरी जाईल.
नियमापुढे बिचाऱ्यांचा नाइलाज. तळमळ डोळ्यांत दिसत होती.
वेदिकाला बजावून पाठवले होते, शाळेत गोळी घ्यायची नाही. संध्याकाळी म्हणाली, नाही घेतली आजोबा. मग म्हणाली, चघळायची असते ती, गोड लागते. हे तिला कसे कळले कोण जाणे.

१३ फेब्रुवारी
मिक्सरचे भांडे सापडत नाही. संजना म्हणते, सोनोग्राफी केल्यावर सापडेल. हिला विचारले. ही म्हणाली, मला त्या भांड्यातलं काही विचारू नका.
घरात आपल्याविरुद्ध एकी आहे.
रस पाट्यावर वाटला. उजव्या हाताने वाटता येत नाही. डाव्याने वाटला. मंडळाला उशीर झाला म्हणून कुणी तक्रार केली नाही, हे विशेष.

१४ फेब्रुवारी, शनिवार
वेदिका माझ्या शेजारी येऊन बसली. दंडावर बोट ठेवले, दाबले नाही, नुसते ठेवले. म्हणाली, आजोबा, आण्णा आजोबांना पण असंच होतं ना? तिचा जन्मही झाला नव्हता तेव्हा. तिला हे कुणी सांगितले?
मी म्हटले, त्यांची मानेत होती. ती म्हणाली, ते पण डॉक्टरकडे जायला नाही म्हणायचे का?
मंगळवारची अपॉइंटमेंट. गंगापूर रोड. मी केवळ डॉक्टरबाईंशी चर्चा करायला जातो आहे, हे संजनाला स्पष्ट सांगितले. तिने मान हलवली आणि भांडे काढून दिले.

१७ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी
सोनोग्राफी. दंडाला थंडगार चिकट काहीतरी लावले. पडद्यावर राखाडी धुरळा. त्यात एक काळी पिशवी, लांबट, नखाएवढी. पिशवीत एक पांढरा ठिपका. तपासणारे साहेब ठिपक्यावर थांबले. मागे गेले, पुन्हा थांबले. चौतीस वर्षे मी असाच थांबत होतो. चूक सापडली की माणूस असाच थांबतो, मला माहीत आहे.
मी विचारले नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी ५
सविस्तर लिहितो. हात दुखतो तरी लिहितो.
डॉक्टरबाई माझ्या संजनापेक्षा फार मोठ्या नसतील. रिपोर्ट पाहिला, दंड पाहिला, फोडाचा डाग पाहिला. डागाबद्दल विचारले. वीट म्हटल्यावर पुन्हा रिपोर्टकडे वळल्या. आधी मीच घसा खाकरून विचारले, तो... तसला आजार तर नाही ना? त्या म्हणाल्या, कॅन्सर नाही काका.
शब्द लिहिला. पुढे 'नाही' आहे, म्हणून हरकत नाही.
मग त्यांनी विचारले, काका, कच्ची पालेभाजी खाण्यात येते का?
एवढ्या वर्षांत कुठल्याही डॉक्टरने मला माझ्या विषयातला प्रश्न विचारला नव्हता. मी खुर्ची पुढे ओढली. केरूचा मळा, नाल्याकाठची सुपीक जमीन, दोन वर्षांचा नेम, किटली, मंडळ, सगळे सांगितले. बाई लिहून घेत होत्या. माझे संशोधन कुणीतरी पहिल्यांदाच लिहून घेत होते. मधे एकदा पेन थांबवून त्यांनी विचारले, पाला धूत नाही? मी ठासून सांगितले, मुळीच नाही. त्यांनी पुन्हा विचारले, अजिबात? मी म्हटले, एक थेंब पाणी लागू देत नाही. संजना जमिनीकडे पाहत होती. मला वाटले, अभिमानाने.
मग बाईंनी पेन खाली ठेवले.
माझ्या दंडात टेपवर्मचे पिल्लू आहे. पाण्याच्या पिशवीत बसलेले. तो पांढरा ठिपका म्हणजे त्याचे डोके.
मी म्हटले, बाई, मी जन्मात अंडे खाल्लेले नाही, हा जंत मांस खाणाऱ्यांना होतो. त्या म्हणाल्या, पोटातला होतो. दंडातला कुणालाही होतो. कुणाच्या तरी पोटात जंत असतो, त्याची विष्ठा नाल्यात जाते, नाल्याचे पाणी पंपाने मळ्यात, त्यातली अंडी पानावर, आणि पान कच्चेच पोटात. पोटातून ती रक्ताबरोबर फिरतात आणि स्नायूत जाऊन बसतात. आता पिल्लू मरायला लागले आहे, म्हणून ठणका.
म्हणजे पानावर तत्त्व होतेच. मी ते मोरीत जाऊ दिले नाही.
कापायची गरज नाही म्हणाल्या. गोळ्या. पण आधी डोळे तपासायचे आणि डोक्याचा एमआरआय करायचा. तिथेही एखादे बसले असेल तर गोळ्यांनी सूज येऊन भलतेच होते. काहींना तर फिट येते, तेव्हाच कळते.
मग विचारले, हा रस आणखी कोण पितं घरात?
मी दोन बोटे वर केली. संजनाने माझ्याकडे पाहिले. तिने मला बोलायला हवे होते.
वेदिकाचे परवा गणिताच्या पेपराला डोके दुखत होते. मीच म्हटले होते, अर्धा पेला जास्त घे.
दोन वर्षे. रोज एक पेला. मी स्वतः तिच्या हातात दिलेला.
बाईंनी तिला उद्या सकाळी आणायला सांगितले आहे. एवढ्यात घाबरू नका म्हणाल्या. त्यांना काय माहीत, ती थेंबही ठेवत नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ११
बाईंनी वेदिकाचे हात, पाय, पाठ सगळे चाचपले. डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली. कुठे गाठ नाही. मग विचारले, आजोबांचा रस किती पितेस बाळा? वेदिका माझ्याकडे पाहून गप्प. बाईंनी मला बाहेर बसायला सांगितले.
बाहेर बसलो. भिंतीवर पोस्टर होते: खाण्याआधी हात धुवा, भाज्या धुवा. तीन वेळा वाचले. शुद्धलेखनाची एकही चूक नाही.
आतून हसण्याचा आवाज आला. बाई, संजना, आणि वेदिका. तिघींचा. मी दार ढकलून आत गेलो तर एकदम गप्प. बाई म्हणाल्या, हिची काळजी करू नका काका, ही ठणठणीत आहे. बाकी ही तुम्हाला घरी गेल्यावर सांगेल.
घरी आल्यावर वेदिकाने मला हाताला धरून गॅलरीत नेले. कढीपत्त्याच्या कुंडीपाशी उभी राहिली. म्हणाली, आजोबा, रागवायचं नाही. पहिल्या दिवशी प्यायले होते, उलटी झाली. मग रोज इथेच.
त्या फोफावलेल्या कढीपत्त्याबद्दल मी शेजाऱ्यांना बियाणे उत्तम असल्याचे सांगत असतो.
दारात ही उभी होती. म्हणाली, आणि माझाही. सकाळी पोरगी आधी येते, मग मी. माती अगदी गार असते.
दोन वर्षे माझ्या घरातल्या दोन बायका माझ्याशी रोज सकाळी खोटे बोलल्या. देव दोघींचे भले करो. मी तिथेच कुंडीशेजारी खाली बसलो. वेदिकाला वाटले मला चक्कर आली.

२१ फेब्रुवारी
डोळे तपासले. ठीक. एमआरआय झाला. त्या बोगद्यात वीस मिनिटे. रिपोर्टात लिहिले आहे की मेंदूत काहीही आढळले नाही. हिने तो कागद दोनदा वाचून घेतला आणि फोन करून तिच्या बहिणीलाही वाचून दाखवला.
घरातल्या सगळ्यांच्या तपासणीसाठी संजनाने डब्या आणल्या. कशाच्या ते लिहीत नाही. मला दोनदा सांगितले, झाकण घट्ट लावा दादा. (सगळे नॉर्मल आले.)
गोळ्या सोमवारपासून. चिठ्ठीवरचे नाव ओळखीचे वाटले. अंगणवाडीत वाटतात तीच गोळी. लेकरांना एक, मला रोज दोन, पंधरा दिवस. सोबत सूज येऊ नये म्हणून आणखी एक. आणि बाईंनी बजावले आहे, ही गोळी उपाशीपोटी नाही, तेलकट-तुपकट खाण्याबरोबर घ्यायची, तरच अंगी लागते. तेल मी अकरा वर्षांपूर्वी सोडले.

२२ फेब्रुवारी, रविवार
घरच्या दोघी सुटल्या. मंडळ राहिले. अकरा माणसे. बाई म्हणाल्या होत्या, ज्यांनी रस घेतला त्यांना विचारा, कुणाच्या अंगात गाठ, कायमची डोकेदुखी, फिट असे काही आहे का. असेल त्यांना पाठवा.
किटली न घेता गेलो. सगळ्यांनी आधी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिले. चेहरे खुलल्यासारखे वाटले, पण माझे मन जाग्यावर नव्हते.
बाकावर बसलो नाही, उभा राहिलो. सगळे सांगितले, काहीही न लपवता. पिशवी, ठिपका, नाला, विष्ठा. शेवटी म्हटले, मी तुम्हा सगळ्यांच्या पोटात काय घातले हे मला माहीत नव्हते. मला माफ करा. उद्या सगळे मिळून डॉक्टरांकडे जाऊ.
पुंजाराम जोड्याने माती उकरत होता. मग म्हणाला, काका, एक सांगू? खाली बसा आधी.
बसलो.
तो म्हणाला, त्या जास्वंदीला डॉक्टरकडे न्यावं लागंल.
मी मागे वळून पाहिले. डोक्याच्या वर गेलेली जास्वंद. अकरा पेले, दोन वर्षे. पुंजारामचे दोन.
गोजराबाई पदराने तोंड झाकून म्हणाल्या, रागावू नका हो काका. वासच सोसत नव्हता. पण तुम्ही एवढे प्रेमाने किटली उचलून आणायचे, तोंडावर नाही कसं म्हणायचं?
मी म्हटले, मग दोन वर्षे रोज येत कशाला होतात? उत्तर पुंजारामने दिले. म्हणाला, साडेसातला तुम्ही घरी गेलात ना काका, की आम्ही सगळे कोपऱ्यावर मिसळ खायला जातो. तुम्हाला तेल चालत नाही, म्हणून बोलावलं नाही.
हिशेब असा. दोन वर्षांत माझ्या रसाने बरा झालेला माणूस एकही नाही. आजारी पडलेला एक. रस पिणारा तेवढाच होता.
पुस्तकाची वही कपाटात ठेवली. वर नाही. आत, चादरींच्या खाली.

२३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ८.१५
पहिली गोळी मंडळाबरोबर, कोपऱ्यावर.
पुंजारामने जागा धरून ठेवली होती. मिसळवाल्या बाईंनी प्लेट पुढे ठेवली. वर बोटभर लाल तर्री तरंगत होती, आणि तर्रीवर मूठभर कच्ची कोथिंबीर. अकराही जण जेवायचे सोडून माझ्याकडे पाहायला लागले.
मी बाईंना हळूच विचारले, ही कोथिंबीर धुतलेली आहे ना?
बाई कढईतला झारा तसाच धरून माझ्याकडे पाहत राहिल्या. म्हणाल्या, काय काका, न धुता कुणी घालतं का?
मी गोळी गिळली.